गबाळ्याचं वावर

तीस वर्षं मी शेतकऱ्यांना वाऱ्यापासून माती कशी राखायची ते सांगत फिरलो, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात स्वतःच्या वावरातली माती उडवून दिली. ती माती माझ्या थोरल्या बहिणीच्या छातीत गेली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी कितीही कारणं दिली तरी गोष्ट एवढीच आहे. कारणं द्यायची मला सवय आहे. नोकरीच तशी होती.

मी शेती खात्यात होतो. फार मोठा नाही, पण गावात जीपमधून उतरलो की खुर्ची मिळायची एवढा. समाजमंदिराच्या भिंतीवर चित्रांचा तक्ता टांगायचा आणि बोलायचं. उन्हाळ्यात जमीन उघडी टाकू नका. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वाऱ्याला आडवी झाडं राखा. नांगरटीची ढेकळं फोडून त्यांचं पीठ करू नका. कापूस वेचून झाल्यावर कपाशीची वाळकी पऱ्हाटी जाळू नका, तिची कुट्टी करून वावरातच पसरा. लोक माना डोलवायचे, चहा यायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावावरून जाताना धुरे पेटलेले दिसायचे. मी जीपमध्ये बसून चिडायचो. ‘ह्या लोकांच्या डोक्यात काही शिरत नाही,’ हे मी इतक्या वेळा बोललो की मी तोंड उघडायच्या आधीच चालक ‘हो साहेब’ म्हणायचा.

आमचं वावर शहराबाहेरच्या वाडीच्या पुढे, अमरावती रोड सोडून आत गेलं की लागतं. वाडीत गोदामं आणि ट्रक संपता संपत नाहीत, आणि मग एकदम काळी जमीन सुरू होते. त्यातले पाच एकर आमचे. पूर्वेच्या टोकाला दोन खोल्यांचं घर आहे, तिथे ताई राहायची. नवऱ्याचं घर तिने तरुणपणीच सोडलं. का, ते आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. वडील होते तोवर त्यांच्याबरोबर आणि ते गेल्यावर एकटीने तिने ते वावर केलं. मी शहरात, मनीषनगरात, फ्लॅट घेतला. रविवारी स्कूटरवर जायचो, वांगी, तूर, ज्वारी पायाशी ठेवून परत यायचो. मेहनत तिची आणि बोलणं माझं, अशी आमची वाटणी होती.

ताईला लहानपणापासून दमा. पण तो तिने ताब्यात ठेवला होता. उशाशी पंप असायचा, थंडीत दोनचार रात्री वाईट जायच्या, बाकी वर्ष ती कमरेला कापसाची ओटी बांधून तासामागून तास, म्हणजे ओळीमागून ओळ, वेचायची. ‘वावरात मले काही होत नाही,’ असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं. घराच्या समोर वावर, वावराच्या पलीकडे पश्चिमेचा धुरा, आणि धुऱ्यावर बाभळी, पळस, बोरी आणि दोन कडुनिंब. उन्हाळ्यातला वारा तिकडूनच येतो. झाडांत तो अडकायचा, आणि जो सुटून यायचा त्यात उडवायला फारसं काही नसायचं.

आता आखाजीबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात अक्षय तृतीयेला शेतीचं वर्ष बदलतं. त्या दिवशी ऊन उतरलं की गावातली जाणती माणसं शिवार फिरायला निघतात. दिसायला नुसती फेरी, पण असते ती परीक्षा. ज्याचं वावर वखरून साफ, ज्याच्या धुऱ्यावर काडी नाही, त्याचं नाव चारचौघांत निघतं. ज्याच्या वावरात खुंट, गवत आणि ढेकळं, त्याचं ते गबाळ्याचं वावर. हे एकदा चिकटलं की वर्षभर सुटत नाही. पोरीचं लग्न ठरवतानासुद्धा निघतं.

वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देवाचं काही उरलं नव्हतं. आखाजी मात्र राहिली, कारण ती वावराची होती. वडिलांना त्या फेरीची फार धास्ती. ‘यायले शेती कुठं येते’ असं म्हणायला काही लोक टपलेलेच असत, आणि त्यांना निमित्त द्यायचं नाही यावर वडिलांचा सगळा उन्हाळा जायचा. गवताची काडीन् काडी ते हाताने वेचायचे. पण धुऱ्यावरच्या झाडांना त्यांनी कधी कुऱ्हाड लावली नाही, आणि नांगरटीची ढेकळं पाऊस येईस्तोवर तशीच ठेवली. मी त्यांची फक्त धास्ती उचलली. बाकीचं ताईने उचललं, आणि शिवाय धुऱ्यावरचं गवतही राहू दिलं.

मी निवृत्त झालो त्या वर्षी आखाजीच्या फेरीत मीही गेलो. कामाचा माणूस आता मोकळा झाला, चार लोकांत मिसळावं, असा विचार. आमच्या वावरापाशी सगळे थांबले. तुरीचे खुंट उभे होते, ढेकळं डोक्याएवढी, धुऱ्यावर वाळलं गवत गुडघ्याला लागत होतं. फेरीत सगळ्यांत वयस्कर म्हातारा काठी टेकून म्हणाला, “साहेब, साऱ्या दुनियेले ग्यान देऊन राह्यले होते तुमी. अन् तुमचं सोताचं तं गबाळ्याचं वावर हाय.”

लोक हसले. फार नाही, पण मला पुरेसं झालं. त्याच वेळी तिथे उभं राहून मला सांगता आलं असतं, की हेच बरोबर आहे, हेच मी तीस वर्षं सांगत आलो. पण मला वडील आठवले, आणि वाटलं की आपण त्यांना मान खाली घालायला लावली.

घरी येऊन मी ताईवर घसरलो. ती चुलीपाशी भाकरी थापत होती.

“लोक काय म्हणून राहिले, ऐकलं ना तू?”

“ऐकलं. हासू दे. हासल्यानं का वावर जाते?”

“ह्या वर्षी जाऊ दे. पुढच्या आखाजीले मी दाखवतो त्यायले, वावर कसं राहते ते.”

तिने भाकरी उलटवली.

पुढचा कापूस निघाला आणि मी कामाला लागलो. पऱ्हाटी मुळासकट उपटली. बोंडअळी राहते, म्हणून पऱ्हाटी काढलीच पाहिजे, हे कारण माझ्याकडे तयार होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण काढून तिची कुट्टी करायची असते आणि ती पसरायची असते, हे माझ्याच तक्त्यावर होतं. मी ढीग केले आणि पेटवले. कुट्टी पसरली की वावर घाणेरडं दिसतं.

मग जेसीबी बोलावला. धुऱ्याकडे तो वळला तेव्हा ताई धावत आली. वयाच्या मानाने फार जोरात धावली आणि मग बोलण्यासाठी तिला थांबावं लागलं.

“झाडं कायले तोडतं गा?”

“सावली पडते, ताई. धुऱ्याजवळचे दोन तासं पीक येत नाही.”

“दोन तासं नाही आले तं नाही आले. वाऱ्याले काही तरी आडवं पाह्यजे. मी राह्यते इथं, मले ठावं हाय.”

“तीस वर्सं हेच काम केलं मी. तू मले शिकवतं का आता?”

हे मी म्हटलं. शब्दन् शब्द आठवतो. तीस वर्षं केलेलं काम तिच्या बाजूचं होतं, माझ्या नाही, आणि तरी ते मी तिच्या तोंडावर मारलं. ती जेसीबीकडे बघत उभी राहिली, मग घरात गेली. संध्याकाळपर्यंत धुरा सुतासारखा सरळ झाला. कडुनिंब पडताना आवाज बराच झाला, पण ती बाहेर आली नाही.

शेवटी रोटावेटर फिरवला. एकदा फिरवून ढेकळं राहिली होती म्हणून दुसऱ्यांदा. आमची काळी माती चाळलेल्या पिठासारखी झाली. मी तिच्यात अनवाणी चाललो, पाय घोट्यापर्यंत बुडाला आणि मला बरं वाटलं. ते तेव्हा बरं वाटलं होतं, हे लपवून काय उपयोग.

आखाजीला फेरी आली. काठीवाला म्हातारा धुऱ्याच्या टोकाला उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “वावर असावं तं असं.” पश्चिमेकडचे चार शेजारी त्याच्या मागे होते. त्यांनीही पाहिलं. मी खाली बघून हसलो, पाठ थोपटून घेताना माणूस हसतो तसा. संध्याकाळी ताईला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. आता पानी लवकर येऊ दे म्हंजे झालं.”

पाणी कुठलं यायला. आखाजीनंतर आठवड्याभरात वारा सुटला. मी त्या दिवशी तिथेच होतो, दुपारचं जेवण चाललं होतं. आधी उजेड पिवळा झाला. मग दारातून वावर दिसेनासं झालं, कारण वावरच उठून घराकडे येत होतं. मी दार लावलं, खिडकीला वडिलांचं जुनं धोतर लावलं, कौलांना काय लावणार. वरणावर काळी साय धरली. माठात, पिठाच्या डब्यात, अंथरुणात, सगळीकडे तीच बारीक माती. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत खरखर. पंधरा-वीस मिनिटं असेल, पण तेवढ्यात ताईने पंप तीनदा ओढला होता आणि चौथ्यांदा ओढायची तिला ताकद नव्हती. ती खाटेच्या कडेवर हात टेकून बसली होती, खांदे वर, आणि छातीतून दाराच्या बिजागरीसारखा आवाज. बोलता येत नव्हतं. बोटाने पश्चिमेकडे दाखवत होती.

शेजाऱ्याच्या गाडीतून तिला शहरात आणलं. दवाखान्यात ऑक्सिजनवर चार दिवस. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने विचारलं, “घरात धूळ येते का, मावशी?”

“घरात नाही येत, बापा,” ताई मास्क बाजूला करून म्हणाली, “मीच धुळीत राह्यते.”

डॉक्टर माझ्याकडे वळला आणि म्हणाला, यांना तिथून हलवा. तुम्ही काय करता? मी म्हटलं, निवृत्त आहे. कुठून निवृत्त, ते सांगितलं नाही.

पंधरा दिवस मनीषनगरला राहू म्हणून ताई आली आणि मृग लागेपर्यंत राहिली. पाऊस पडून माती बसली, तशी परत गेली. त्या पावसाळ्यात मी मात्र काम केलं. पश्चिमेच्या धुऱ्यावर कडुनिंब, करंज, बाभळी लावल्या, दोन ओळींत, तक्त्यावर होतं तसं. हिवाळ्यात कापूस निघाल्यावर पऱ्हाटीची कुट्टी करून पसरली. नांगरट केली आणि ढेकळं जशीच्या तशी टाकली. ताई रोज धुऱ्यावर जाऊन रोपांना घागरीने पाणी घालायची. तिची छाती हिवाळाभर चांगली होती. “आता काही होत नाही मले,” ती म्हणाली. मलाही तसं वाटलं. पुन्हा आखाजी आली आणि फेरीतल्यांनी आमच्या वावराला गबाळ्याचं म्हटलं, तेव्हा मी ऐकून घेतलं. त्या दिवशी खरोखर काही वाटलं नाही.

पण फेरीबरोबर पुढे गेलो आणि पाहिलं. आमच्या धुऱ्यापलीकडची चारही वावरं साफ होती. चारही धुऱ्यांवर एक झाड नव्हतं. पऱ्हाटीच्या राखेचे काळे गोल मधे मधे उरले होते आणि माती दोनदा रोटावेटर फिरवलेली, पिठासारखी. आमच्या शिवेपासून थेट नाल्यापर्यंत वाऱ्याला अडवायला काही नव्हतं.

“हे काहून केलं गा तुमी?” मी विचारलं.

शेजारी खुशीत होता. “साहेब, तुमीच तं दाखवलं. मागच्या साली तुमचं वावर पाह्यलं, अन् त्याच जेसीबीवाल्याले बलावलं.”

“मी सांगत होतो ते वेगळं होतं.”

“सांगत तं तुमी तीस वर्सं होते,” तो म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता, साधं बोलत होता. “केलं तं तुमी हेच ना?”

मी त्याला समजावू लागलो. वारा, माती, झाडांच्या ओळी, सगळं. तो ऐकत होता, माना डोलवत होता. मला ते डोलवणं ओळखीचं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, “मागच्या साली एक, औंदा दुसरं. साहेबाचं मन लागून नाही राह्यलं आता घरी.” लोक हसले. तीस वर्षांत माझं एक अक्षर कोणी घेतलं नाही, आणि एका उन्हाळ्यात केलेली चूक चार वावरांनी बिनबोभाट उचलली.

त्या वर्षी वारा आला तेव्हा आमच्या वावरातून फारसं उडालं नाही. उडालं ते पलीकडून. माझी रोपं वीतभर होती, ती मातीत दिसेनाशी झाली. ताईला पुन्हा दवाखान्यात आणलं, आणि ह्या वेळी चार दिवसांचे अकरा झाले. नंतर ती मनीषनगरला आली ती आली. तिची पेटी, वडिलांची तसबीर आणि वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, एवढं तिने आणलं. पास कशाला आणली विचारलं तर म्हणाली, “तिथं गंजून जाईन.” पास आता तिच्या पलंगाखाली आहे. वावर बटाईने दिलं आहे. मी रविवारी जातो, येताना भाजी आणतो, आणि ताई ती निवडताना प्रत्येक वांगं हातात फिरवून बघते.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. उन्हाळ्यात मी तिच्या खोलीची खिडकी बंद ठेवतो, फटींना ओला कपडा लावतो. तरी सकाळी खिडकीच्या चौकटीवर थर असतो. शहरात धूळ कसलीही असू शकते. बांधकामाची पांढुरकी असते, मुरमाची तांबूस. वाडीकडून वारा असला की काळी येते. ताई ती बोटावर घेते, अंगठ्याने चोळते आणि कपड्याने पुसून टाकते. तिने काही म्हणावं म्हणून मी कधी कधी तिथेच घुटमळतो.

मागच्या वर्षी एकदा तिने विचारलं, “झाडं केवढी झाली?”

“कमरेएवढी. काही बकऱ्यांनी खाल्ली.”

“छपराच्या वर जायले किती वर्सं लागतीन?”

ह्या प्रश्नाचं उत्तर मी शेकडो गावांत दिलं आहे. तिला ते खिडकीकडे बघत दिलं. “आठ. दहा धर.”

तिने मनात काही जुळवलं. “म्हंजे माह्या कामाची नाहीत थे. असू दे, राहू दे.” मग म्हणाली, “एक काम कर. आखाजीले मले घेऊन चाल. अन् त्या साऱ्यायच्या समोर सांग, का तू चुकला. थे लोक तुहं आयकत नाहीत, तुह्याकडे पाह्यतात. तं त्यायले पाहू दे, तू चुकला म्हनतांना.”

मी हो म्हटलं. आखाजीला ऑटो ठरवून तिला नेलं. तोंडावर ओला पदर, हातात पंप, अशी ती आमच्या धुऱ्यावर दगडावर बसली. फेरी आली. काठीवाला म्हातारा होता, चारही शेजारी होते. मी पुढे झालो. घसा साफ केला. आणि जे बाहेर पडलं ते असं की, “बदलत्या हवामानाचा विचार करता मागील हंगामातील मशागतीच्या पद्धतीत काही सुधारणा आवश्यक असल्याचं दिसून आलं आहे.” मी ते थांबवू शकलो नाही. पुढे आणखी दहा मिनिटं बोललो. लोकांनी माना डोलवल्या. कोणी तरी चहा आणायला पोराला पिटाळलं.

परतीच्या वाटेवर वाडीच्या ट्रकांत ऑटो अर्धा तास अडकला. ताईने पदर तोंडावरून काढला नाही. घरी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडताना म्हणाली, “तू चुकला असं नाही म्हटलं.”

“तेच सांगितलं ना मी, ताई.”

“नाही. तू भाषन देल्लं.”

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा पलीकडच्या वावरात रोटावेटर चालू होता. शेजाऱ्याने हात वर करून मला रामराम केला आणि मीही केला.

म्हणून हे लिहिलं. मी चुकलो. वडिलांच्या नावाखाली, लोकांच्या हसण्याला भिऊन, माहीत असून चुकलो, आणि माझ्या बहिणीचं घर मी बंद केलं. लिहून झाल्यावर पानं ताईसमोर ठेवली. तिने चष्मा लावून सगळी वाचली, मधे दोनदा पंप घेतला. पानं सारखी करून माझ्या हातात दिली.

“बरोबर लिवलं,” ती म्हणाली. “पन हे इथं कायले लिवतं? आखाजीले पंधरा दिवस हायेत. तिथं जाऊन बोल.”